शिकवणे संपल्यानंतरचे शुल्क

विद्यापीठाने विद्यार्थ्याकडून शुल्क का घ्यावे, असे विचारले तर बहुतेकांना तो प्रश्नच वाटणार नाही. विद्यापीठ शिकवते, विद्यार्थी शिकतो. शिकवण्यास खर्च येतो आणि त्याचा काही वाटा शिकणाऱ्याने उचलावा, हे व्यवहाराला धरूनच आहे. वाद होतो तो वाटा किती असावा एवढ्यापुरता. परंतु प्रत्येक विद्यापीठात एक वर्ग असा असतो की ज्याला हे सरळ उत्तर लागू पडत नाही. ज्याची व्याख्याने संपली, ज्याच्या परीक्षा उरकल्या, ज्याला आता कोणी वर्गात बसवून शिकवणार नाही, आणि जो एकटाच आपल्या टिपणांच्या ढिगासमोर बसून प्रबंध पुरा करीत आहे, त्याच्याकडून दर वर्षी किंवा दर सहामाहीस जे शुल्क घेतले जाते ते नेमके कशाचे? शिकवण्याचे म्हणावे तर शिकवणे संपले आहे. परीक्षेचे म्हणावे तर परीक्षा अजून व्हावयाची आहे. मग हा मोबदला कोणत्या वस्तूचा?

प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. ज्ञान निपजण्यास जो वेळ लागतो त्याची किंमत कोणी द्यावयाची?

दिल्लीत राहणाऱ्या मराठी वाचकाला हा विद्यार्थी अपरिचित नाही. दिल्ली विद्यापीठ १९२२ सालचे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ १९६९ सालचे. जामिया मिलिया इस्लामिया १९२० साली अलीगढला जन्मून पुढे दिल्लीत स्थिरावलेली. हौज खासची तंत्रविद्येची संस्था. आणि अलीकडच्या काळात सोनीपत, नोएडा, गुरुग्राम, फरीदाबाद या परिसरात उभी राहिलेली खाजगी विद्यापीठे. या सर्वांच्या आधाराने देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली तरुण माणसे या शहरात आपल्या वयाची उमेदीची वर्षे घालवीत असतात, आणि त्यांत नांदेड, अमरावती, सोलापूरकडची मुलेमुलीही असतात. वसतिगृहात जागा असली तर ती वसतिगृहात. नसली तर मुनिरका, कटवारिया सराय, बेर सराय किंवा उत्तरेकडे विजयनगर येथल्या भाड्याच्या खोल्यांत. एखाद्या समारंभात भेट झाली आणि ‘प्रबंध कुठवर आला?’ असे विचारले, की ‘दोन प्रकरणे राहिली’ हे उत्तर ठरलेले. त्या राहिलेल्या दोन प्रकरणांची कहाणीच येथे पाहावयाची आहे.

प्रथम व्यवस्था कशी आहे ते पाहू. पीएच.डी.च्या पदवीसंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जे विनियम प्रसिद्ध केले, त्यांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन व कमाल सहा वर्षांत हे काम पुरे व्हावे. त्यात न झाल्यास पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. मात्र एकूण काळ आठ वर्षांपलीकडे जाता कामा नये. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे एकूण दहा वर्षे. या सबंध काळात विद्यार्थ्याचे नाव विद्यापीठाच्या पटावर असले पाहिजे, आणि नाव पटावर राहण्यासाठी ठरलेले शुल्क भरले पाहिजे. व्याख्याने पहिल्या वर्षाच्या आसपासच संपतात. पुढची सारी वर्षे शुल्क चालते ते नावाच्या नोंदीवर.

आता याच काळाची दुसरी मोजपट्टी पाहा. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती दोन वर्षांची. पुढे ती वरिष्ठ होऊन आणखी तीन वर्षे चालते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम अनुक्रमे दरमहा ३७,००० आणि ४२,००० रुपये झाली, आणि ती कोणी तुटपुंजी म्हणणार नाही. पण तिची मुदत पाच वर्षे. नियम सहा वर्षांना स्वाभाविक मानतो, आठ वर्षांना क्षम्य मानतो, आणि शिष्यवृत्ती पाचव्या वर्षीच थांबते. ज्याला ही शिष्यवृत्ती मिळालीच नाही, त्याची गोष्ट आणखी निराळी. ऑक्टोबर २०१५ मध्ये अशा विद्यार्थ्यांना केंद्रीय विद्यापीठांतून मिळणारे साहाय्य बंद करण्याचा निर्णय आयोगाने घेतला. ते तेव्हा एम.फिल.साठी दरमहा ५,००० आणि पीएच.डी.साठी ८,००० रुपये होते. त्या वेळी बहादुरशाह जफर मार्गावरील आयोगाच्या कचेरीसमोर विद्यार्थ्यांनी कित्येक दिवस ठिय्या दिला. आठ हजारांसाठी माणसे थंडीत रस्त्यावर का बसतात, असे ज्यांना वाटले त्यांनी तिसऱ्या मोजपट्टीचा, म्हणजे घरभाडे, खाणावळ आणि घरी धाडावयाच्या पैशांचा, विचार केला नव्हता.

शुल्काच्या रकमेविषयी म्हणाल तर या एकाच महानगरात तिचे प्रकार इतके की एका सूत्रात ते बसत नाहीत. २०१९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधक विद्यार्थ्याचे शिक्षणशुल्क वर्षाला २४० रुपये होते. महिन्याला वीस रुपये पडले. याउलट अनेक खाजगी विद्यापीठांत दर सहामाहीचे शुल्क प्रबंध सादर होईपर्यंत चालू राहते, आणि प्रबंध तपासण्याचे शुल्क वेगळे. दिल्ली विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात २०२३ साली पीएच.डी.चे शुल्क २,००० रुपयांच्या आतून एकदम २३,००० रुपयांपलीकडे नेण्यात आले. ओरड झाली तेव्हा ते बरेच खाली आणावे लागले. परदेशांतही एकवाक्यता नाही. इंग्लंडमधील पुष्कळ विद्यापीठे ठरलेली वर्षे संपली की पूर्ण शुल्काऐवजी ‘लेखनकाळा’चे हलके शुल्क आकारतात. अमेरिकेत, परीक्षा होऊन केवळ प्रबंध उरलेल्या विद्यार्थ्याने दर सत्रात नाव नोंदवीत राहिले पाहिजे, असा नियम अनेक ठिकाणी आढळतो. हॉलंडमध्ये प्रबंध लिहिणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. एकाच कामासाठी एका देशात पगार मिळतो आणि दुसऱ्या देशात पैसे भरावे लागतात, यावरून एक गोष्ट उघड होते. संशोधक हा ज्ञानाचा ग्राहक की ज्ञानाचा उत्पादक, याविषयी जगाचा अजून निर्णय झालेला नाही.

या शुल्काच्या समर्थनार्थ सामान्यतः तीन कारणे सांगितली जातात. ते सेवेचे मूल्य आहे, हे पहिले. ते जागेचे भाडे आहे, हे दुसरे. आणि ते दिरंगाईचा दंड आहे, हे तिसरे. तिन्हींत काही तथ्य आहे, म्हणून ती तपासून घेतली पाहिजेत.

सेवेचे मूल्य म्हणावे तर सेवा अगदीच नाही असे नाही. मार्गदर्शक प्रकरणे वाचतो, ग्रंथालय पुस्तके देते, प्रयोगशाळेत यंत्रे चालतात. परंतु सेवेचे मूल्य घेणाऱ्यावर सेवा देण्याचे बंधन येते, ही व्यवहाराची पहिली अट आहे. नियमाप्रमाणे एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठपर्यंत संशोधक विद्यार्थी असू शकतात. त्या आठांतील एकाने दिलेले प्रकरण चार महिने टेबलावर पडून राहिले, तर त्या चार महिन्यांच्या शुल्कातून काही वजा होत नाही. शिंप्याने कापड सहा महिने ठेवून घेतले तर आपण त्याला जास्त शिलाई देत नाही. येथे मात्र कापड जितके दिवस पडून राहील तितकी शिलाई वाढते, आणि ती कापडवाल्याकडूनच वसूल होते.

जागेच्या भाड्याची गोष्ट अधिक प्रामाणिक आहे, कारण ती निदान उघड असते. २८ ऑक्टोबर २०१९ रोजी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने वसतिगृहांची नवी नियमावली मंजूर केली. तीत एकट्याच्या खोलीचे भाडे महिना २० रुपयांवरून ६०० वर आणि दोघांच्या खोलीचे १० वरून ३०० वर नेले होते. शिवाय महिना १,७०० रुपये सेवाशुल्क नव्याने सुचविले होते. आंदोलन पेटले, काही आकडे मागे घेण्यात आले, आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जुन्या नियमावलीप्रमाणे विद्यार्थ्यांची नोंदणी करून घेण्याचा अंतरिम आदेश दिला. बाहेरच्या माणसाला हा तंटा चमत्कारिक वाटला. वीस रुपयांत दिल्लीत काय मिळते, असे लोक विचारीत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वीस रुपये हे खोलीचे भाडे नव्हेच. ती एक खूण होती. या छपराखाली राहून अभ्यास करण्याचा हक्क ऐपतीवर अवलंबून नाही, एवढेच ती सांगत होती. सेवाशुल्काच्या १,७०० रुपयांना जो विरोध झाला त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती. आकडा मोठा की लहान हा भाग दुय्यम. विद्यार्थी पाहुणा की भाडेकरू, हा खरा वाद होता.

उरला दंड. सामान्य माणसाच्या मनात याच कारणाला सर्वांत अधिक सहानुभूती असते. ‘वर्षानुवर्षे पडून राहतात, कँटीनमध्ये चहा पितात आणि जगाच्या गोष्टी करतात,’ हा आरोप आपण सर्वांनी ऐकला आहे, आणि असे विद्यार्थी मुळीच नसतात असे कोण म्हणेल? पण दंड हा दोषाला असावा, काळाला नसावा. प्रबंध लांबतो तो अनेक कारणांनी. अठराव्या शतकात पेशव्यांचे दिल्लीतले वकील म्हणून काम पाहणाऱ्या हिंगण्यांच्या राजकारणावर कोणी लिहावयास बसला, तर त्याला आधी मोडी शिकावी लागते, मग पुण्यास पेशवे दफ्तरात महिनेच्या महिने बसावे लागते. एखादीला मध्येच बाळंतपण येते. एखाद्याचा बाप आजारी पडतो आणि दोन हंगाम शेत पाहण्यास दुसरे कोणी नसते. कधी मार्गदर्शक निवृत्त होतो किंवा परदेशी जातो. २०२० साली तर सबंध देशाची ग्रंथालये बंद पडली आणि आयोगाला प्रबंधांच्या मुदती पुन:पुन्हा वाढवून द्याव्या लागल्या. या सर्वांत आळशी कोण? वरकड शुल्काची पावती मात्र सर्वांच्या नावे एकाच मजकुराची निघते.

आणि दंडच करावयाचा तर तो दोन्ही बाजूंना असावा. त्याच विनियमांत असे म्हटले आहे की प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत विद्यापीठाने मूल्यमापनाची सर्व प्रक्रिया पुरी करावी. उत्तम तरतूद आहे. परंतु सहाचे सोळा महिने झाले तर विद्यापीठाने विद्यार्थ्यास काय द्यावे, याविषयी तेथे एक अक्षर नाही. विद्यार्थ्याची मुदत हा नियम असतो, विद्यापीठाची मुदत ही इच्छा असते. जेथे एकाच्या उशिराला किंमत पडते आणि दुसऱ्याच्या उशिराला पडत नाही, तेथे दंड या शब्दाला न्यायाचा आधार राहत नाही.

मग हे शुल्क समूळ काढून टाकावे काय? येथे घाईने होकार देण्याचा मोह होतो, आणि येथेच थोडे थांबले पाहिजे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या नियमांत विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘नऊ-ब’ या नावाने ओळखली जाणारी एक तरतूद होती. तिचे तपशील वेळोवेळी बदलत गेले. तिचा आशय असा, की ठरलेली वर्षे पुरी झालेल्या विद्यार्थ्याने आपली नोंदणी सोडून द्यावी, बाहेर जावे, नोकरी करावी, संसार पाहावा, आणि प्रबंध तयार झाला की परत येऊन सादर करावा. मधल्या काळात शुल्क नाही. कित्येकांना या तरतुदीने तारले. जी मुलगी लग्नानंतर दूरच्या गावी गेली, ज्या मुलाला लहानशा महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी धरावी लागली, त्यांना काही वर्षांनी का होईना, प्रबंध देता आला. पण या माफीला दुसरी बाजूही होती. नोंदणी सुटली की खोली सुटली, ग्रंथालयाचे ओळखपत्र सुटले, आणि मार्गदर्शकावरचा हक्कही पातळ झाला. शुल्क नाही आणि कर्तव्यही नाही! परत आलेल्यांची नावे आपल्याला कळतात; न आलेल्यांची कोठेच कळत नाहीत. गावच्या घरी ट्रंकेत पडून असलेल्या त्या अर्ध्यामुर्ध्या प्रबंधांची नोंद कोणत्या अहवालात सापडेल?

म्हणून मला असे वाटते की या शुल्काचा खरा अर्थ मूल्य, भाडे आणि दंड या तिघांपलीकडचा आहे. ते एका नात्याचे चिन्ह आहे. ‘तू अजून आमचा आहेस’ असे विद्यापीठ त्याद्वारे म्हणते, आणि ‘मी अजून तुमचा आहे’ असे विद्यार्थी म्हणतो. चिन्ह म्हणून वर्षाला २४० रुपयेही पुरेसे असतात. परंतु नात्याचे चिन्ह घेणाऱ्याने नाते पाळले पाहिजे. शुल्क स्वीकारले त्या क्षणी विद्यापीठ बांधले जाते: प्रकरण वाचण्यास, पुस्तक देण्यास, ठरल्या मुदतीत परीक्षक नेमण्यास, आणि अडचणीतल्या विद्यार्थ्याला दारातून बाहेर न लोटण्यास. शुल्क किती असावे हे विचारण्याआधी, ते घेऊन विद्यापीठ कशास बांधले गेले, हे विचारावयास हवे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेलाच नाही असे नाही. विद्या चालू असताना शिष्याने गुरूला काही देऊ नये, समावर्तनाच्या वेळी यथाशक्ती द्यावे, असे मनूने सांगितले. वेतन ठरवून शिकवणाऱ्याला स्मृतिकारांनी हलका मानले. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातला कौत्स सर्वांना ठाऊक आहे. वरतंतूने आधी ‘तुझी सेवा हीच दक्षिणा’ म्हटले. शिष्याने हट्ट धरल्यावर रागावून चौदा विद्यांच्या चौदा कोटी मागितल्या. कौत्स रघूकडे गेला तेव्हा राजा विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन मातीच्या भांड्यातून अर्घ्य देत होता. तरीही गुरुदक्षिणेसाठी आलेला याचक आपल्या दारातून दुसऱ्या दात्याकडे गेला, हा कलंक त्याला सोसवेना. कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. राजा सारेच देऊ लागला, आणि कौत्स गुरूच्या देण्यापेक्षा अधिक घेईना. या कथेत दक्षिणेचा भार शिष्यावर आहे, पण ती पुरवण्याची लाज राजाला आहे. आणि राजाचे भांडार उघडे आहे, पण शिष्याचा हात आवरलेला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र असल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही.

परंतु परंपरेचे एवढेच पान वाचून पुस्तक मिटणे हा अप्रामाणिकपणा होईल. ज्या शहराच्या कडेवर आज काचेच्या इमारती उभ्या आहेत त्या गुडगावचे नाव २०१६ साली गुरुग्राम असे करण्यात आले. ते द्रोणाचार्यांचे गाव अशी लोकांची समजूत. त्या गुरूचे नाव निघाले की दुसरी दक्षिणा आठवल्यावाचून राहत नाही. एकलव्याला द्रोणांनी शिकवले नव्हते. शिकवण्यास नकार दिला होता. तो मातीच्या मूर्तीसमोर स्वतःच शिकला. तरी दक्षिणा मागितली गेली, आणि ती अशी की शिकलेली विद्याच हातातून जावी. न शिकवता घेतलेल्या शुल्काचे याहून भेदक उदाहरण कोणत्याही वाङ्मयात क्वचितच सापडेल. प्रबंध लिहिणाऱ्या गरीब विद्यार्थ्यावर एका सहामाहीच्या शुल्कासाठी नाव कमी होण्याची पाळी येते, तेव्हा अंगठाच मागितला जातो. पाच वर्षांची साधना त्या एका पावतीवाचून निरुपयोगी ठरते.

अर्वाचीन काळात हा प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्यावर सोसला त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. १९१६ साली ते लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली काम अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर हजर झाले, तर त्या शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या शिष्यवृत्तीची परतफेड नोकरीने करावयाची, ती नोकरी करण्यापुरते छप्परही समाजाने दिले नाही. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली सादर केलेल्या ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधात परीक्षकांनी फेरफार सुचवले, तोवर पैसे संपत आले होते. ते १९२३ साली मुंबईस परतले, येथूनच सुधारलेला प्रबंध धाडला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ची पदवी मिळाली.

कोलंबियाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथले वास्तव्य १९१६ साली संपले. पण प्रबंधाच्या छापील प्रती दाखल केल्यावाचून पदवी देण्याची तेथे रीत नव्हती, आणि छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ लंडनला १९२५ साली छापून निघाला. पदवी मिळाली ती १९२७ साली. ज्ञान केव्हाच सिद्ध झाले होते. उशीर झाला तो साधनांचा. तो ग्रंथ त्यांनी सयाजीरावांना, शिक्षणाच्या कामी केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून अर्पण केला. या मधल्या वर्षांना जर कोणी ‘दिरंगाई’ म्हणून दंड लावला असता, तर तो आज आपल्याला कसा दिसला असता? आणि आंबेडकरांसारख्या असामान्य पुरुषाला जे शेवटी निभावले ते सामान्य बुद्धिमत्तेच्या, पण तितक्याच निर्धन मुलाने निभावून दाखवावे अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला काय अधिकार आहे? न्यायाची रचना असामान्यांच्या सोशिकपणावर करावयाची नसते.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळले पाहिजे. बाजारातून साबणाची वडी घेणारा मजूरही सरकारला कर देतो. स्वतःच्या मुलाला दहावीपुढे शिकवणे ज्याला झेपत नाही, त्याच्या पैशावर दुसऱ्याच्या तिशीतल्या मुलाने प्रबंध का लिहावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्वस्त शुल्काचे समर्थन करणाऱ्यांनी त्याचे उत्तर देणे हे त्यांचे देणे आहे. माझ्या मते उत्तर असे, की जर प्रबंध ही विद्यार्थ्याची खाजगी मालमत्ता असेल, नोकरीत बढती मिळवण्याची एक शिडी असेल, तर त्या मजुराचा आक्षेप निरुत्तर आहे. परंतु जर प्रबंधाने समाजाच्या ज्ञानात भर पडत असेल, तर तो लिहिण्याचा काळ समाजाने विकत घेतलेला काळ आहे, आणि ज्याचा काळ आपण विकत घेतला त्याच्याकडूनच पुन्हा त्या काळाचे भाडे मागणे विपरीत आहे. म्हणजे स्वस्त शुल्क ही मेहेरबानी नाही, पण ती बिनशर्तही नाही. कौत्साचा आवरलेला हात तिची अट आहे. गरजेपेक्षा अधिक वर्षे घेऊ नयेत, मिळालेल्या खोलीवर कोणी दुसरा वाट पाहत आहे हे विसरू नये, आणि जे लिहावे ते लोकांच्या कामी येईल असे लिहावे. आज स्वीकृत प्रबंधांच्या प्रती ‘शोधगंगा’ या सार्वजनिक भांडारात ठेवल्या जातात आणि कोणालाही त्या वाचता येतात. त्या मजुराच्या मुलीने उद्या ते पान उघडले तर तिला त्यात काही सापडावे, एवढे ऋण प्रत्येक संशोधकावर आहे. ते ऋण पैशात फेडता येत नाही, म्हणूनच ते पैशात मागूही नये.

या विवेचनातून व्यवहाराला उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी निघतात. प्रबंधकाळातील शुल्क हे नोंदीपुरते, म्हणजे चिन्हापुरते असावे. शिष्यवृत्तीची मुदत आणि नियमाने स्वाभाविक मानलेली मुदत यांत अंतर नसावे. सहा वर्षे मान्य असतील तर सहावे वर्ष उपाशी नसावे. स्त्रियांना वाढीव दोन वर्षे देणाऱ्या नियमाने त्या वर्षांच्या चरितार्थाचाही विचार करावा, कारण साधनांवाचून दिलेला काळ म्हणजे नुसतीच परवानगी. उशिराची किंमत ज्याच्याकडून उशीर झाला त्याने द्यावी, मग तो विद्यार्थी असो, मार्गदर्शक असो की परीक्षा विभाग असो. आणि केवळ पैशाअभावी कोणाचे नाव पटावरून काढण्यापूर्वी विद्यापीठाने रघूची लाज क्षणभर स्वतःची मानावी.

शुल्क सर्वांना सारखे असले म्हणजे न्याय झाला, अशी आपली समजूत असते. पण सारखे शुल्क सारख्या काळावर पडत नाही. ज्याच्या घरी दोन वेळची ददात नाही त्याला एक वर्ष म्हणजे एक वर्ष. ज्याच्या घरी त्याच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते त्याला तेच वर्ष बहिणीच्या लग्नाचे, आईच्या औषधाचे, धाकट्याच्या शाळेचे असते. प्रबंधाच्या शेवटच्या दोन प्रकरणांपाशी विद्यार्थी अडतो तो पुष्कळदा विचार खुंटला म्हणून नव्हे. हा काळ आता आपला राहिलेला नाही, असे त्याला वाटू लागते म्हणून. तो काळ काही दिवस तरी त्याचा राहू देणे, हे विद्यापीठ नावाच्या संस्थेचे मुख्य काम आहे. ते काम ज्या विद्यापीठाला साधते, त्याने वर्षाकाठी चार पैसे घेतले तरी विद्यार्थी ते आनंदाने देईल.